वाटेकऱ्यांचा संत

उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठीच्या अध्यापकांनी काय करावे, याचे संकेत आता ठरून गेले आहेत. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात, एखाद्या चर्चासत्रासाठी निबंध सिद्ध करावा आणि उरलेल्या दिवसांत गावी जाऊन आंबे खावेत. आम्हा दोघांची वीस वर्षे याच क्रमाने गेली. २०२४ च्या मे महिन्यात मात्र हा क्रम मोडला. एक तर आमची भाची फिलिपीन्समध्ये लोस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत नोकरीस आहे आणि तिचे बोलावणे तीन वर्षे तसेच पडून होते. दुसरे म्हणजे, गावी जाण्याचे कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी विकून टाकले होते. त्याविषयी पुढे ओघाने येईलच.

‘मावशी, येणार असाल तर पंधरा मेच्या आधी या. लुकबानला पहियास असतो. तुम्हां साहित्यवाल्यांना आवडेल,’ असे तिने कळवले. साहित्यवाल्यांना काय आवडते याविषयी शास्त्रज्ञांच्या काही ठाम समजुती असतात. रंग, गर्दी, लोकजीवन वगैरे. या वेळी तिची समजूत फारशी चुकली नाही, एवढे मान्य करायला हवे.

लुकबान हे केझोन प्रांतातले लहानसे गाव. बनाहाव नावाचा ज्वालामुखी त्याच्या पाठीशी उभा आहे. हा डोंगर तिथले लोक पवित्र मानतात, आणि आम्ही होतो त्या तीन दिवसांत तो ढगांतून एकदाच, तोही अर्धा, बाहेर आला. लोस बान्योसहून सांता क्रूझ, पाग्सानहान, लुइसियाना अशी गावे घेत चढत जावे लागते. नारळीची रांग संपली की भातखाचर, खाचर संपले की पुन्हा नारळी. मध्येच एखादा रेडा चिखलात नाकापर्यंत बुडून बसलेला. खाचरांचे बांध पाहून आम्हा दोघांपैकी एकीने मान फिरवली आणि दुसऱ्याने ती फिरवलेली पाहिली नाही असे दाखवले. प्रवासात जोडप्यांनी असे करावे लागते.

उतरलो ते भाचीच्या एका सहकाऱ्याच्या आईकडे. वय ऐंशीच्या आसपास. सारी गल्ली त्यांना ‘लोला’, म्हणजे आजी, म्हणते. आम्हीही म्हणू लागलो. आमची ओळख ‘गुरो’ अशी करून देण्यात आली. तागालोग भाषेत शिक्षकाला गुरोच म्हणतात. तोंडाला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. हजार वर्षांपूर्वी कोणकोणत्या गलबतांतून हे शब्द तिकडे उतरले असतील, याचा विचार करीत आम्ही रात्री जागलो. पण आम्हाला खरा धक्का दिला तो रोजच्या वापरातल्या एका शब्दाने. तिथे आभार मानताना ‘सलामात’ म्हणतात. अरबीतून मलायमार्गे तिकडे गेलेला हा आपलाच ‘सलामत’. आपल्याकडे तो जिवाशी बांधला गेला, त्यांच्याकडे कृतज्ञतेशी. मराठीत आभार मानण्यासाठी रोजच्या बोलण्यातला, न अवघडता उच्चारता येईल असा शब्द कोणता, हे आम्ही एकमेकांना विचारले. ‘आभारी आहे’ हे सभेतले. ‘धन्यवाद’ हे आकाशवाणीवरचे. घरात, शेतात, ओसरीवर आपण काय म्हणतो? ‘बरंय, या.’

चौदा तारखेला संध्याकाळी लोलांच्या घरी दर्शनी भिंतीची सजावट चालली होती. पहियास या शब्दाशी ‘हियास’, म्हणजे रत्न किंवा दागिना, या शब्दाचे नाते लावतात. घराला दागिने घालायचे, पण ते शेतातले. भाताच्या ओंब्या, शेंगा, भोपळे, वांगी, केळीचे घड, नारळ; आणि ज्याचा जो व्यवसाय असेल त्याचे जिन्नस. लुकबानला ताडवर्गी झाडांच्या धाग्यांपासून टोप्या विणण्याचा मोठा धंदा आहे. म्हणून टोपीवाल्याचे घर टोप्यांनी मढलेले. सगळ्यांत लक्षवेधी असतात ते किपिंग. तांदूळ भिजवून वाटायचे, त्या पिठात रंग घालायचा, कॉफीच्या किंवा काबाल नावाच्या झाडाच्या पानावर त्याचा पातळ थर द्यायचा, वाफवायचे, आणि सुकल्यावर पानापासून सोडवायचे. पानाची एकूणएक शीर उमटलेली तांदळाची पापडी हाती येते. लाल, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी अशा शेकडो पापड्यांची झुंबरे ओवून ती खिडक्यांतून सोडतात. त्यांना म्हणतात अरांग्या. झुंबराला असलेल्या स्पॅनिश शब्दाचे हे रूप.

लोलांनी आम्हाला एक किपिंग करून दाखवले आणि आमच्यातली एक अनावधानाने म्हणाली, ‘अगं, ही तर फेणी!’ आपल्याकडे वैशाखात तांदळाच्या फेण्या, सालपापड्या करतात त्या अगदी याच रीतीने. कुठे ताटलीवर, कुठे वडाच्या पानावर. फरक इतकाच की आपण त्या तळून खातो आणि ते आधी भिंतीवर मिरवतात, मग तळून खातात. आधी मिरवणे, मग खाणे, हा क्रम आम्हाला फार सभ्य वाटला.

गावातले सगळे रस्ते एकाच वर्षी सजत नाहीत. पंधरा मे हा सान इसिद्रो या संताचा दिवस. त्याची मिरवणूक ज्या मार्गाने जाईल त्या मार्गावरची घरे सजतात. हा मार्ग दर वर्षी बदलतो, म्हणजे प्रत्येक गल्लीची पाळी काही वर्षांनी येते. संताकडे जायचे नसते. संत आपल्या दारी येणार असतो, त्याची वाट पाहायची असते. अरणच्या सावता माळ्याला भेटायला पंढरीहून पांडुरंगाची पालखी जाते, ते आठवल्यावाचून राहिले नाही. मळा सोडून न गेलेल्या भक्तासाठी देवानेच वाट वाकडी करावी, ही कल्पना कोणत्याही शेतकरी समाजाला सुचावी अशीच आहे. उगीच कोणी कोणाकडून घेतली असे ठरवायला नको. पहियासविषयीही ‘हा मूळचा ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचा सण’ असे विधान सर्रास केले जाते. असेलही. पण ‘मूळ’ सापडले की अर्थ सापडला, या समजुतीने आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाचे पुरेसे नुकसान केले आहे. आणखी एका देशाचे कशाला करा?

सकाळी लवकर मिसा झाली आणि नऊच्या सुमारास रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मनिलाहून बसगाड्या भरभरून आल्या होत्या. घरांना बक्षिसे असतात, परीक्षक वह्या घेऊन हिंडतात, आणि सजावटींच्या मध्ये मोठ्या कंपन्यांचे फलकही लटकत असतात. आपल्या गणेशोत्सवाची ज्यांना सवय आहे त्यांनी याविषयी नाक मुरडू नये. केळीच्या पानावर वाढलेल्या शेवया हातही न लावता थेट तोंडाने ओढून खाण्याची तिथे रीत आहे. ‘पान्सित हाबहाब’ म्हणतात. आम्ही प्रयत्न केला. त्याचे वर्णन करीत नाही.

देवळामागच्या बाजारात एका तांदूळवालीने आम्ही भारतीय असल्याचे कळताच वजनकाटा खाली ठेवला आणि विचारले, ‘तुम्ही तांदूळ का बंद केला?’ भाचीने हसत हसत भाषांतर केले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑक्टोबरात फिलिपीन्सला २ लाख ९५ हजार टनांची सवलत दिली खरी, पण जगाचा भाव तोवर चढला होता. मार्च २०२४ मध्ये त्या देशात तांदूळ वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी महाग होता. शिवाय त्या उन्हाळ्यात एल निन्योमुळे अवर्षण. जगाला भाताचे वाण पुरवणारी संस्था ज्या देशात १९६० पासून उभी आहे, जिथून १९६६ साली आय. आर. आठ बाहेर पडला, तो देश जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ-आयातदारांपैकी एक. त्यात २०१९ च्या कायद्याने आयातीवरचे संख्येचे बंधन काढून जकात ठेवली, तेव्हा स्वस्त तांदूळ आला आणि भात पिकवणाऱ्याचा भाव कोसळला. खाणारा तेव्हा सुखावला, आता तो रडत होता. पिकवणारा दोन्ही वेळा होता तिथेच. ‘हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारतात,’ भाची म्हणाली. ‘बेटं, वादळं, मोठ्या नद्यांची खोरी नाहीत, माणसं भरपूर, अशी उत्तरं आहेत माझ्याकडं. ती बाजारात देता येत नाहीत.’

आता संताविषयी. इसिद्रो हा अकराव्या-बाराव्या शतकातला माद्रिदचा शेतमजूर. हुआन दे व्हार्गास नावाच्या जमीनदाराकडे राबणारा. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जणांना एकदम संतपद मिळाले. त्यांत ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर होते, इग्नेशियस लोयोला होते, आव्हिलाची तेरेसा होती, फिलिप नेरी होते. आणि ना धर्मगुरू, ना ग्रंथकार, असा हा एकटा नांगरधारी. स्पॅनिश पाद्र्यांबरोबर तो फिलिपीन्सला गेला आणि तिथल्या चिखलात रुजला. बुलाकान प्रांतातल्या पुलिलान गावी त्याच्या सणाला रेडे देवळापुढे गुडघे टेकतात.

त्याची कथा सर्वांच्या तोंडी आहे. इसिद्रो सकाळी प्रार्थनेला जातो म्हणून कामावर उशिरा येतो, अशी इतर मजुरांनी धन्याकडे चहाडी केली. धनी एका सकाळी आडोशाला लपून पाहत राहिला. इसिद्रो प्रार्थनेत मग्न, आणि शेतात देवदूत नांगर धरून चाललेले. जनीबरोबर दळू लागणारा विठ्ठल, नाथांघरी कावड वाहणारा श्रीखंड्या, या कथा शिकवण्यात आमची हयात गेली, तेव्हा ही कथा ऐकून आम्ही प्रथम खूष झालो. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र अडखळलो. जनीच्या कथेत आडोशाला लपलेला धनी नाही. इथे तो आहे. किंबहुना चमत्कार दिसतो तो त्यालाच. तो नमला, भक्त झाला, असे कथा सांगते. पण एका मजुराच्या वेतनात तिघांची नांगरट झाली. त्या जादा कामाची मजुरी कोणाला मिळाली, हे कथा सांगत नाही.

याच लुकबानात १८३२ साली आपोलिनारिओ दे ला क्रूझ या तरुणाने सान होसेचा भक्तसंघ काढला. तो देशी वंशाचा म्हणून धर्मसंघांनी त्याला आत घेतले नव्हते. संघ वाढला, सरकार घाबरले, आणि १८४१ साली शेजारच्या तायाबास गावी गोळ्या घालून त्याला ठार केले, देहाचे तुकडे करून ते टांगले. तेव्हा तो तिशीतही नव्हता. रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने १९७९ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, खेड्यांतल्या या बंडखोरांना बंडाची भाषा पुरवली ती ख्रिस्ताच्या यातनांचे गायन करणाऱ्या तागालोग ‘पास्योन’ने. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आम्ही शिकवतो ते शब्दकळेसाठी आणि ओवीसाठी. त्या ओव्या म्हणणाऱ्यांना त्यांतून काही मागायचे होते का, हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आजवर आलेला नाही.

असो. लोलांच्या दाराच्या चौकटीवर, अगदी मधोमध, भाताची एक पेंढी बांधलेली होती. बाकीच्या भाज्या विकतच्या आहेत, हे लोलांनीच सांगून टाकले. पेंढी मात्र त्यांच्या शेतातली, आणि ती बांधायला त्यांचा कासामा आला होता. कासामा म्हणजे सोबती, बरोबरचा. आणि कासामा म्हणजेच दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा. त्या देशात १९६३ च्या कायद्याने वाटेपद्धत नाकारली, १९७२ च्या हुकुमाने भात-मक्याच्या जमिनी कसणाऱ्यांना देण्याचे जाहीर केले. लोलांची जमीन मर्यादेत बसणारी, म्हणून राहिली. आता खंड ठरलेला आहे. शब्द जुनाच चालतो.

शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हाला मग आपला शब्द आठवला. कूळ म्हणजे वंश, घराणे, जिथून आपण आलो ते. आणि कूळ म्हणजे आपली जमीन कसणारा परका. एवढा मोठा विरोध एका दोन अक्षरी शब्दात सुखाने नांदतो आणि आम्हाला त्यावर कधी एक परिच्छेदही लिहावासा वाटला नाही.

आमच्यापैकी एकीच्या वडिलांची मावळात पावणेदोन एकर भातखाचरे होती. वडील पुण्यात बँकेत. १९८४ पासून ती जमीन एक गृहस्थ वाट्याने कसत. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू. वडील सज्जन होते, पण १९४८ च्या कूळकायद्याची त्यांना धास्ती होती. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत दर वर्षी ‘खुद्द’ असा शेरा पडेल याची त्यांनी अखेरपर्यंत काळजी घेतली. खुद्द वडिलांनी चिखलात पाय घातल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. दिवाळीनंतर तात्या नव्या इंद्रायणीची पोती घेऊन यायचे. ‘तात्यांनी तांदूळ आणला,’ असे आम्ही म्हणायचो, जणू आहेर. तो आमचा निम्मा वाटा असे. ते उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसत. चहा तिथेच जाई. निघताना आम्ही म्हणायचो, ‘बरंय तात्या, या.’ २०२२ साली भावंडांनी जमीन विकली. आम्ही सही केली, भाचीच्या आईनेही केली. तात्यांना सर्वांनी मिळून पन्नास हजार रुपये आणि जोडआहेर दिला. हिशेबात ते बसत नव्हतेच, कारण कागदावर ते कधी नव्हते. उलट आपण मन मोठे केले, असेच त्या वेळी सर्वांना वाटले. आम्हालाही.

दुपारी कलल्यावर मिरवणूक आली. बँड, फुले, मग खांद्यांवरचा इसिद्रो. त्याच्यामागून त्याची पत्नी, तीही संतच. लोला दारात उभ्या होत्या. शेजारी कासामा, पन्नाशीचा, नवी टोपी घातलेला. मूर्ती पेंढीसमोरून गेली तेव्हा दोघांनीही छातीवर क्रूस केला. मिरवणूक पुढे गेल्यावर गल्लीभर एकच गलका झाला. लोक सजावट उतरवू लागले, शेंगा, फळे, किपिंग जमलेल्यांना वाटू लागले. कासामा शिडीवर चढला, पेंढी सोडवली आणि आपल्या पिशवीत ठेवली. बियाण्यात मिसळायला ती तो नेतो, असे कळले. मग सगळे जेवायला बसले. तो मेजाच्या डोक्याशी, लोलांच्या उजव्या हाताला. लोलांनी आधी त्याला वाढले, आणि भात वाढताना म्हणाल्या, ‘सलामात.’ त्याने नुसती मान हलवली. इतके साधे की टिपून ठेवण्यासारखे त्यात काही नव्हते.

लोलांनी मग आमच्याकडे वळून काही विचारले. भाचीने ते आम्हाला न सांगता परस्पर उत्तर दिले. बरेच लांब. त्यात ‘लोलो’, म्हणजे आजोबा, आणि ‘कासामा’ हे दोन शब्द आम्हाला कळले. लोलांनी पुन्हा विचारले. तिने या वेळी थोडक्यात सांगितले आणि ताटाकडे पाहू लागली.

‘काय विचारलं त्यांनी?’

‘तुमच्याकडं पेंढी कोण बांधतं, म्हणाल्या. मी सांगितलं, आजोबांची जमीन होती, आता नाही.’

‘आणि मग?’

‘कसणाऱ्याचं काय झालं, ते विचारलं.’

‘तू काय सांगितलंस?’

‘मला माहीत नाही म्हटलं.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘मावशी, मला खरंच माहीत नाही.’

परतताना लोलांनी किपिंगची पुडी बांधून दिली. पुण्याला पोहोचेपर्यंत तिचा भुगा झाला होता. तो आम्ही तळला, चव फेणीचीच.

मृगाचा पाऊस झाल्यावर एका रविवारी आम्ही तात्यांना फोन लावला. दोन वर्षांत प्रथमच. काय बोलायचे ते ठरवले होते, पण तिकडून ‘कोण, ताई का?’ असे आले आणि ठरवलेले राहून गेले. तब्येत विचारली, पाऊस विचारला.

‘झाला की चांगला. मी हितंच हाय. रातपाळी आस्ती.’

‘रातपाळी कुठं?’

‘आपल्याच खाचरात. म्हंजी आता पलाटिंग हाय न्हवं. वाचमन म्हणून ठिवलंय मला.’ ते हसले. ‘बांध समदे मोडलं, पर पानी जुन्याच वाटंनं येतंय बगा. शेडात शिरतंय माज्या.’

आम्ही काही बोलत नाही असे पाहून त्यांनीच पुढे विचारले, ‘ताई, यंदा तांदळाचं कसं? इकत घेता आसाल. हितं पाव्हण्याकडं चांगली इंद्रायनी हाय, सांगून ठिवतो. किती लागंल?’

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, ‘वीस किलो.’